खजुरीची दोन पेवं

आळंदला निघालोय असं सांगितल्यावर आमच्या सोसायटीत दोघांनी मला तुळशीची माळ आणायला सांगितली. आळंदी नव्हे हो, आळंद, कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात, असं समजावून दिल्यावर त्यांचा उत्साह मावळला. "तिथं पाहण्यासारखं काय आहे?" असं एकानं विचारलं. मी म्हणालो, "एक पेव आहे." त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. थट्टा करायचा माझा स्वभाव नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

पेव म्हणजे धान्य साठवायला जमिनीत खणलेली कोठी. तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत रांजणासारखी फुगलेली, वरून दगडी शिळा टाकून मातीनं लिंपलेली. अमक्या गोष्टीचं पेव फुटलंय, असं मी आयुष्यभर बोलत आलो. प्रत्यक्षात पेव कधी पाहिलं नव्हतं. आणि आता माझ्या आयुष्याचं सगळं काम त्या एका पेवात जाऊन बसलं होतं.

ते काम काय, हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी गुरुत्वाकर्षणाची गणितं करतो. आमच्यातल्या काहींचं म्हणणं असं की आपलं विश्व हा एक पातळ पापुद्रा आहे, आणि तो आणखी एका मितीत पसरलेला आहे. प्रकाश, वीज, तुम्ही, मी, सगळे त्या पापुद्र्याला चिकटलेले. गुरुत्वाकर्षण तेवढं चिकटलेलं नाही. ते बाहेर झिरपतं, म्हणून आपल्या वाट्याला इतकं दुबळं येतं. एवढं साधं चुंबक टाचणी उचलतं आणि खाली अख्खी पृथ्वी ओढत असून तिला ती टाचणी सोडवता येत नाही, ते त्यामुळं. या चित्रात मी गुरुत्वाच्या समीकरणालाच आणखी एक पद जोडलं. त्या पदाचा अर्थ असा होता की दोन वस्तू केसाच्या जाडीइतक्या जवळ आल्या, तर त्या शाळेतल्या नियमापेक्षा किंचित जास्त ओढतील. किंचित म्हणजे फारच किंचित. ते मोजायला कुणी तयार नव्हतं, आणि मी आता निवृत्त होणार होतो.

मग स्नेहल आली. ती आमच्याच संस्थेत प्रयोग करते, आणि प्रयोग करणाऱ्यांचा स्वभाव असतो तशी कुणावर विश्वास ठेवत नाही. तिनं केसाहून बारीक तारेवर एक छोटा दांडा टांगला आणि त्याच्या टोकांजवळ वजनं आणायची सोय केली. ओढ जास्त असेल तर तार जास्त पिळली जाणार. पुण्यात रस्त्यावरून ट्रक गेला की तार थरथरायची. स्नेहल मूळची उमरग्याची. तिच्या वडिलांचे मित्र शांतप्पा आळंदजवळच्या खजुरी गावचे, त्यांच्या शेतात दोन जुनी पेवं रिकामी पडलेली होती. जमीन मुरमाची, बारा महिने एकसारखा गारवा, जवळपास मोठा रस्ता नाही. तिनं यंत्र तिथं नेलं, वर सौरऊर्जेचे पत्रे लावले, आणि पावसाळा संपता संपता मला फोन केला. "सर, तार जास्त पिळतीय. तुमच्या पदातून निघतं साधारण तेवढीच."

मी त्या रात्री झोपलो नाही. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "आधी जाऊन बघून या."

उमरग्याच्या पुढे

सोलापूरपर्यंतच्या गाडीबद्दल आणि उमरग्यापर्यंतच्या बसबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उमरग्याहून दक्षिणेला वळलं की थोड्याच वेळात पाट्या कानडी होतात. माणसं मात्र तीच राहतात. माझ्या शेजारची बाई कंडक्टरशी कानडीत भांडली, मागच्या बाकावरच्या मौलवींशी दखनीत बोलली आणि मला मराठीत म्हणाली, "सरका की वं जरा." पुण्यात आम्ही एका भाषेत जगतो आणि तीही नीट बोलत नाही.

खजुरीच्या फाट्यावर स्नेहल उभी होती, आणि तिच्याबरोबर पांढरा सदरा घातलेला उंच, सडपातळ गृहस्थ. हे शांतप्पा. तूर, हरभरा आणि ज्वारी करणारे, घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणारे. त्यांनी माझी बॅग हातातून काढून घेतली.

"वाटंत तरास झाला न्हाई न्हवं?"

"बस फार हळू होती," मी म्हणालो.

"हळूच असती ती. तुमी बरोबर येळवसंला आलाव बगा. उद्या शेतातच जेवायचं."

घरी त्यांची थोरली बहीण होती, गंगाक्का. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून भावाकडे. शांतप्पांची बायकोही लेक लहान असताना वारली, म्हणून त्या लेकीला, कावेरीला, गंगाक्कानंच वाढवलं. कावेरीचं लग्न ठरलेलं होतं, मुडबीच्या घरात, वैशाखात. ती माझ्यासमोर चहा ठेवून जरा लाजून आत गेली. चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहावा, पण मी काही बोललो नाही. हा माझ्यातला बदल स्नेहलच्या लक्षात आला आणि ती हसली.

येळवस

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडे अमावस्येला लोक केस कापत नाहीत, एवढाच तिचा मान. इथं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप करून आत पांडव म्हणून पाच दगड चुन्यानं रंगवून मांडतात. त्यांची पूजा झाली की एकजण आंबिलीचं भांडं घेऊन शेताला फेरी मारतो आणि "ओलगे, ओलगे" म्हणत पिकावर आंबील शिंपडत जातो. मी शहरी बूट घालून खोपीत शिरायला गेलो, तेव्हा कावेरीनं मला हाताला धरून थांबवलं. बूट काढून आत गेलो तर मोज्याला भोक. सगळ्यांनी ते पाहिलं आणि कुणी काही बोललं नाही.

जेवण मात्र काय सांगू. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, हे मला पहिल्या घासाला कळलं. हिरवे दाणे, तुरीच्या शेंगा, पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली ती एक दाट भाजी असते. तिच्याबरोबर पिठाचे वाफवलेले उंडे, कडक भाकरी, शेंगदाण्याची पोळी आणि मडक्यातली आंबील. आंबिलीचे मी इतके पेले प्यालो की खोपीच्या सावलीला डोळा लागला. जागा झालो तेव्हा ऊन उतरत होतं आणि मी आयुष्यात फार थोड्या वेळा होतो तसा सुखात होतो.

पेवं तिथून दिसत होती, शेताच्या उंचवट्यावर. धाकट्या पेवावर स्नेहलचं पत्र्याचं छप्पर आणि सौरऊर्जेचे पत्रे. त्याच्या शेजारी, चार-पाच पावलांवर, थोरल्या पेवाची शिळा. ही दोन्ही पेवं शांतप्पांच्या पणज्यानं एकाच उन्हाळ्यात एकामागून एक खणली, म्हणून थोरलं आणि धाकटं.

गंगाक्का नैवेद्याचं ताट घेऊन तिकडं चालली होती. मीही उठून मागे गेलो. म्हटलं, माझ्या यंत्राला नैवेद्य मिळतोय तो तरी बघू. तिनं धाकट्या पेवापाशी एक उंडा ठेवला, हळदकुंकू वाहिलं. मग ती थोरल्या पेवापाशी गेली आणि त्या शिळेवर सगळंच ठेवलं, भज्जी, पोळी, आंबिलीची धार. शिळेच्या कडेची माती नीट लिंपलेली होती, पडीक पेवाची असते तशी भेगाळलेली नव्हती.

स्नेहल माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. ती एकदम म्हणाली, "अक्का, रिकाम्या पेवाला एवढा नैवेद्य कामून?"

गंगाक्काचा हात थांबला. मागून शांतप्पा आले, ते म्हणाले, "रिकामंच हाय ते. रीत हाय म्हणून ठिवायचं."

"शांतप्पा काका," स्नेहल म्हणाली, "मी तुम्हाला पावसाळ्यात फोन केला होता. आसपास काही बदललंय का म्हणून विचारलं होतं."

"व्हय. काय बी न्हाई म्हनलो मी."

"मग ही माती कधी लिंपली?"

शांतप्पा माझ्याकडं बघायला लागले आणि मग जमिनीकडं. त्या माणसाला खोटं बोलायची सवय नव्हती हे दिसत होतं, आणि तरीही ते पुन्हा म्हणाले, "रिकामं हाय." तेव्हा गंगाक्का भावाला म्हणाली, "सांग आता. पाव्हणे घरचेच हायत."

मग कळलं ते असं. भरलेल्या पेवाबद्दल बोलायचं नाही, ही त्या भागातली जुनी रीत. निजामाच्या काळात सक्तीनं धान्य उचलून नेणारी लेव्हीची माणसं यायची, लुटारू यायचे. पेव अंधारात भरायचं आणि कुणीही विचारलं तर रिकामं म्हणून सांगायचं. काळ गेला, पण जिभेला लागलेलं वळण गेलं नाही. शिवाय नजर लागते म्हणतात. किती भरलं हे तर घरातसुद्धा एकमेकांना सांगत नाहीत.

"पन तुमी भरलं कामून?" स्नेहलनं विचारलं.

"एक पेव कामाला लावलं की दुसरं रिकामं ठिवत न्हाईत बाई," गंगाक्का म्हणाली. "धाकट्यात तुमी ती मशीन ठिवलाव. मग थोरलं भरलं. भरल्या पेवाशेजारी कुठलं बी काम केलं की बरकत येती म्हणून. कावेरीच्या लग्नाची ज्वारी हाय ती. माज्या वाटणीच्या रानातली."

उन्हाळ्यात भरलं होतं. आणि स्नेहलनं वजनांशिवायची कोरी नोंद घेतली होती हिवाळ्यात, दोन्ही पेवं रिकामी असताना. त्या कोऱ्या नोंदीशी ताडून आम्ही म्हणत होतो की तार जास्त पिळतीय. आता शेजारी जमिनीखाली ज्वारीचा एवढा मोठा ढीग बसलेला, आणि ज्वारीलाही वजन असतं, तीही ओढते. मी हे सगळं डोक्यात एका क्षणात करून मोकळा झालो, आणि त्या क्षणापासून माझी आंबिलीची सगळी गुंगी उतरली.

थोरल्या पेवाचं तोंड

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्नेहलला बाजूला घेतलं आणि म्हणालो, ज्वारीची ओढ आपण गणितानं काढू.

"किती ज्वारी आहे ते कुणाला माहीत नाही, सर. आत कशी पसरलीय तेही नाही. पेव उपसल्याशिवाय खरं कळायचं नाही."

"मग राहू दे. लग्नापर्यंत थांबू. वैशाखात ते उघडतीलच."

तिला कळलं होतं. वैशाखापर्यंत मी निवृत्त झालो असतो आणि तोपर्यंत माझी आशा शाबूत राहिली असती. मी गंगाक्काच्या ज्वारीची काळजी करत होतो हेही खरंच होतं. पेव एकदा उघडलं की आतल्या धान्याला वारा लागतो, मग सोंडे किडे धरतात, थोड्या दिवसांत संपवावं लागतं. लग्नाला ती ज्वारी उरली नसती. पण ती काळजी मला आदल्या दिवशीपर्यंत नव्हती, आणि आता ती किती सोयीची झाली होती हे मला दिसत होतं.

आमचं बोलणं गंगाक्कानं ऐकलं. ती सुपात डाळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"उघडा," ती म्हणाली.

"अक्का, लग्नाची ज्वारी आहे ती."

"आमच्या ज्वारीनं तुमच्या कामात माती कालवली असंल, तर तीच ज्वारी म्या लग्नाच्या पंगतीला वाढू व्हय? लेकीचा संसार सुरू व्हायचाय. उघडा. आमची ज्वारी काढली की तुमचं खरं निघंल बगा."

शेवटचं वाक्य ती फार खात्रीनं म्हणाली. तिला वाटत होतं की ज्वारी हा माझ्या कामातला कचरा आहे, तो काढला की खालून खरी गोष्ट स्वच्छ वर येईल. मलाही तसंच वाटायला हवं होतं.

पेवात उतरणारी माणसं आता उरली नाहीत. शांतप्पांनी निंबर्ग्याहून मल्लप्पाला बोलावलं. मल्लप्पाच्या आज्याची मेंढरं होती, आता घरात मेंढरू नाही, तो मजुरी करतो आणि हाक आली की पेवं उपसतो. शिळा सरकवली तेव्हा आतून एक आंबूस, उबदार वास आला. मी पुढं वाकलो, तर मल्लप्पानं माझा खांदा धरून मला मागं ओढलं.

"लगेच तोंड घालू ने, साहेब. आत वारा न्हाई. मानूस जातंय."

त्यानं दोरीला बांधून कंदील आत सोडला. थोडा खाली गेला आणि विझला. मग शिळा तशीच उघडी ठेवून आम्ही घरी आलो. दुसऱ्या दिवशी कंदील विझला नाही, तेव्हा मल्लप्पा उतरला. टोपल्यांवर टोपल्या वर यायला लागल्या. मधली ज्वारी मोत्यासारखी, कडेची काळपट पडलेली. गंगाक्का जमिनीवर बसून काळी आणि पांढरी वेगळी करत होती. गावातली माणसं पिशव्या घेऊन आली, प्रत्येकाला तिनं ओंजळीनं दिली, आणि कुणीही, अगदी कुणीही, किती निघाली हे विचारलं नाही. कावेरी तिथं उभी होती. माझ्याकडं बघून हसलीही. मला तिच्याकडं बघवलं नाही.

मुडबी

यंत्राच्या शेजारी एवढी धावपळ झाली की तार शांत व्हायला काही दिवस जातात. तोवर स्नेहलनं मला तिथून हाकललं. "तुम्ही सारखे येऊन विचारता, सर. जा कुठंतरी." शांतप्पा मुडबीला निघाले होते, व्याह्यांना ज्वारीचा वाटा पोचवायला आणि पेव उघडल्याचं सांगायला. मी त्यांच्याबरोबर जीपमध्ये बसलो.

वाटेत काळ्या रानामधून मध्येच लाल माती उगवते आणि पुन्हा बुडते. तुरी काढणीला आलेल्या होत्या. जीपचं चाक पंक्चर झालं, आणि दुकानदार जेवायला गेला म्हणून आम्ही एका बाभळीखाली बसून राहिलो. शांतप्पा म्हणाले, "मी फोनवर खरं सांगायला पायजे होतं."

"तुम्ही रीतीप्रमाणं सांगितलं."

"व्हय. पन तुमी इचारत होता म्हंजे काय तर कारन असंल, हे मला कळाया पायजे होतं."

त्यांच्या आवाजात इतकं वाईट वाटणं होतं की मलाच लाज वाटली. चूक झाली असेल तर ती सगळ्यांची मिळून होती. आम्हालाही शेजारचं पेव एकदा उघडून बघता आलं असतं.

मुडबीचे व्याही व्यंकटराव हे बोलके आणि मिस्कील गृहस्थ. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मला विचारलं, "मंग साहेब, असं काय हुडकायलाव तुमी, की आमच्या सूनबाईच्या लग्नाची ज्वारी गावात वाटावी लागली?"

समोर दुधाचा चहा होता, आणि चुलीवर दुधाचं पातेलं. मी म्हणालो, "ती साय बघा. समजा आपलं सगळं जग त्या सायीवर आहे. घरं, गुरं, सूर्य, चंद्र, सगळं. सायीवरच्या मुंगीला वाटतं साय म्हणजेच सगळं. खाली दूध आहे हे तिला दिसत नाही, कारण उजेडसुद्धा सायीवरूनच पळतो. फक्त वजनाची ओढ तेवढी सायीतून खाली दुधात झिरपते."

"म्हंजे खालचं दूध कुनी बघितलं न्हाई?"

"नाही."

"आन् तुमी किती वर्सं बगायलाव?"

"नोकरी लागल्यापासून."

व्यंकटरावांनी पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. थट्टा करतील असं वाटलं होतं, पण केली नाही. "लई वाईट, साहेब," ते म्हणाले. "निघावं हो ते." आणि त्यांनी माझ्या चहात चमच्यानं साय घातली. मला साय आवडत नाही. मी ती खाल्ली.

लग्नाबद्दल ते शांतप्पांना म्हणाले, ज्वारी कुठून बी येती, पोरगी तेवढी द्या. तरी परत निघताना शांतप्पांचे डोळे भरलेले होते, कारण कुठूनही आणलेली ज्वारी म्हणजे गंगाक्कानं स्वतःच्या रानातली, स्वतःच्या हातानं लिंपून ठेवलेली ज्वारी नव्हे, आणि हे दोघाही व्याह्यांना माहीत होतं.

परत खजुरीत

संध्याकाळी पोचलो तर स्नेहल पेवांच्या मधल्या जागेत स्टूल टाकून बसली होती, मांडीवर लॅपटॉप. मला बघून उठली नाही. त्यावरूनच कळलं, पण माणूस विचारतोच.

"काय?"

"गेलं, सर."

"सगळं?"

"सगळं. रेघ आडवी झाली. आता शाळेतला नियम जेवढं सांगतो तेवढीच पिळतीय. तुमच्या पदाला जागाच उरत नाही. आत्तापुरतं नाही, त्या अंतराला कायमचंच."

मी लॅपटॉप घेऊन बघितलं. माझं उभं आयुष्य त्या आडव्या रेघेखाली गेलं होतं. आमच्या धंद्यात असं झालं की लोक म्हणतात, हेही एक उत्तरच असतं, एक दरवाजा बंद झाला म्हणजे दुसरे शोधता येतात. मी स्वतः कितीतरी तरुण मुलांना हे सांगितलेलं आहे. त्या संध्याकाळी मला ते वाक्य कुणी ऐकवलं असतं तर मी त्याला पेवात ढकललं असतं. मला वाईट वाटलं. पत्नीची आठवण आली, तिला मी झोपेतून उठवून सांगितलं होतं ती रात्र आठवली, आणि रडू आलं. स्नेहल बिचारी दुसरीकडं बघत राहिली.

गंगाक्का कंदील घेऊन आली. "निघालं का खरं?" तिनं विचारलं.

तिच्या चेहऱ्याकडं बघून मला खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोललो.

"नाही निघालं, अक्का."

"ज्वारी काढली की."

"ज्वारीच होती ती. बाकी काहीच नव्हतं."

तिनं कंदील थोरल्या पेवाच्या उघड्या तोंडापाशी ठेवला. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "आमी बरकत म्हणून भरलं वं." एवढंच. मी तिच्या शेजारी बसलो. माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं, आणि नेमकं त्यामुळंच माझं मोडलं होतं. याचं काय करायचं हे मला आजही समजत नाही.

निघताना तिनं मला त्या ज्वारीची गोणी दिली. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. उमरग्यापर्यंत ती बसच्या टपावर होती, सोलापूरपासून माझ्या पायांपाशी.

पुणे

बायकोनं गोणी उघडली आणि नाकाला पदर लावला. पेवातल्या ज्वारीला तो वास असतोच, मातीचा आणि जरा आंबल्याचा. गिरणीवाल्यानं दळायला कुरकुर केली. भाकरी मात्र पांढरीशुभ्र झाली. पहिल्या दिवशी मी ताटाकडं नुसता बघत बसलो. याच दाण्यांनी पावसाळाभर स्नेहलची तार ओढली होती, आणि मी त्याला विश्वाची पाचवी मिती समजून फोन करत सुटलो होतो. बायको म्हणाली, "निवतीय, खा." मी खाल्ली. चांगली होती. आम्ही ती रोज खात राहिलो, दोघं, शिवरात्र उलटेपर्यंत, आणि ज्या दिवशी पीठ संपलं त्या दिवशी मला पुन्हा एकदा वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात गंगाक्काचा फोन आला. नवी ज्वारी काढणीला आली होती. लग्नाचं बोलली, कावेरीच्या साड्यांचं बोलली. मग म्हणाली, "थोरलं पेव औंदा रिकामंच ठिवायलाव. तुमची मशीन हाय तवर भरायचं न्हाई, असं ठरवलाव दोघांनी."

एक पेव कामाला लागलं की दुसरं रिकामं ठेवत नाहीत. ती रीत ते माझ्यासाठी मोडायला निघाले होते, आणि तेही लग्नाच्या वर्षी. स्नेहलनं मला आधीच सांगितलं होतं की यंत्र दुसरीकडं हलवता येईल, डोंगरातल्या एका बोगद्यात जागा मिळतीय, तुम्ही म्हणाल तसं. मी तिला अजून उत्तर दिलेलं नव्हतं. यंत्र पेवात आहे तोवर माझं काहीतरी तिथं आहे, असं मनाच्या कोपऱ्यात वाटत होतं. तिथं माझं काही नव्हतं. आडवी रेघ मी स्वतः पाहिली होती.

"अक्का," मी म्हणालो, "स्नेहल येऊन मशीन घेऊन जाईल. दोन्ही भरा."

"आन् तुमचं काम?"

"माझं झालं."

मग ती म्हणाली, "भरतो. पन किती भरलं ते इचारायचं न्हाई."

"नाही विचारणार," मी म्हणालो.